साखरपुड्याची अंगठी: आकडा नक्की कोण ठरवतं?

ही कोल्हापूरची गुजरी, सराफांची पेठ. लग्नसराई तोंडावर आली की इथे पाय ठेवायला जागा नसते. एकेका काउंटरवर बघा, दोघांच्या आया, मामा, आत्या, एखादी मोठी वहिनी, सगळे ट्रेवर वाकलेले, आणि ज्यांच्या बोटात अंगठ्या जाणार ते दोघं कडेला बसून फोनमध्ये डिझाइन बघतायत. किती ग्रॅमची घ्यायची हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत मुलीची अंगठी मुलाकडचे करतात आणि मुलाची मुलीकडचे. ऐकायला हे बरोबरीचं वाटतं, पण प्रत्यक्षात काय होतं, दोन्ही घरं एकमेकांकडे बघून आकडा ठरवतात, तिकडून कळतं की ते पाच ग्रॅमची करतायत, मग इकडे आपली तीनची कशी दिसेल, मग मुलीचे वडील जावयासाठी सहाची काढतात, आणि हे सगळं तोंडाने कुणी मागितलेलंसुद्धा नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा पैसा बऱ्याचदा एफडी मोडून आलेला असतो.

आणि त्यात सोन्याचा भाव. एप्रिल 2025 मध्ये चोख सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला. आईवडिलांच्या लग्नात जेवढ्या ग्रॅमची अंगठी झाली तेवढ्याचीच आज करायची म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

हल्ली रील्समधून अजून एक आकडा घरात शिरलाय, म्हणे अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालायचा असतो. हा नियम कुठल्या आजीने सांगितलेला नाही, तो एका हिऱ्याच्या कंपनीच्या जाहिरातीतून आलाय. डी बियर्स, दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींवर 1888 साली उभी राहिलेली कंपनी. 1938 मध्ये तिने अमेरिकेत एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेला काम दिलं, 1947 मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी 'अ डायमंड इज फॉरेव्हर' ही ओळ लिहिली, आणि 1980च्या दशकात जाहिराती थेट विचारायला लागल्या की दोन महिन्यांचा पगार आयुष्यभर कसा टिकवाल. जपानमध्ये तर तीन महिन्यांचा पगार सांगितला गेला. तिथे साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी द्यायची पद्धतच नव्हती, 1967 मध्ये पाच टक्के नववधूसुद्धा ती घालत नव्हत्या आणि 1981 पर्यंत हाच आकडा साठ टक्क्यांवर गेला. म्हणजे ज्याला हिरे विकायचेत त्यानेच सांगितलं किती खर्च करा, आणि लोकांनी ऐकलं. आपण का ऐकायचं?

आता बिल नीट बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. हिशोबाला सोपं म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार धरा. चार ग्रॅमची अंगठी, सोनं चाळीस हजारांचं. त्यावर पंधरा टक्के मजुरी धरली तर सहा हजार. झाले शेहेचाळीस हजार, त्यावर तीन टक्के जीएसटी 1380. हातात बिल येतं 47,380 रुपयांचं. उद्या ती मोडायला गेलात तर त्या दिवसाच्या भावाने सोन्याचे पैसे मिळतील, तेही घट कापून, पण मजुरी आणि जीएसटीचे 7,380 गेले ते गेले. नक्षी जितकी बारीक तितकी मजुरी जास्त, म्हणून सरसकट बजेट चाळीस हजार असं ठरवण्यापेक्षा सोन्यात किती आणि मजुरीत किती हे वेगळं ठरवा. मजुरीवर घासाघीस करता येते, भावावर नाही.

हिऱ्याचं गणित अजून वेगळं. हिऱ्याची अंगठी बहुतेक 18 कॅरेटमध्ये बनते कारण 22 कॅरेटचं सोनं मऊ, खडा नीट धरत नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगळं लिहून घ्या, हिऱ्यात कॅरेट म्हणजे शुद्धता नाही, वजन, एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. लॅबमध्ये तयार झालेला हिराही खराच हिरा असतो, कार्बनच, आणि किंमत खूपच कमी. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत जोरात पडलेत, त्यामुळे परत विकून पैसे येतील या आशेने तो घेऊ नका. आवडला, बोटात छान दिसला म्हणून घेतलात तर मात्र उत्तम सौदा आहे.

अजून एक, ज्यावर दुकानात कुणी बोलत नाही. अंगठी रोज घालणार का? कणीक मळताना उंच बसवलेल्या खड्यात पीठ अडकतं. एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्याला तर शिफ्टमध्ये अंगठी काढूनच ठेवावी लागते, बोट अडकायची भीती असते. पन्नास हजारांची अंगठी वर्षभर लॉकरमध्ये आणि बोटात काहीच नाही, अशी कितीतरी जोडपी आपल्या आजूबाजूला आहेत. अशांनी एक साधं, गुळगुळीत वळं केलं तर कमी मजुरीत रोज घालता येतं.

माझं मत स्पष्ट आहे, आकडा त्या दोघांनी ठरवावा, दुकानात जायच्या आधी, आणि दोन्ही अंगठ्या सारख्याच ग्रॅमच्या ठरवाव्यात, म्हणजे मांडवात कुणाची जड नि कुणाची हलकी हा विषयच संपला. लग्नानंतर फ्लॅटचं डिपॉझिट भरायचंय, कुणाचं एज्युकेशन लोन चालू आहे, हे दोघांना एकमेकांचं माहीत असतं, मामांना नसतं. त्यातून जे सुटतं त्यातलीच अंगठी. आधीपासून वेळ असेल तर सराफाकडे भिशी लावा, पण क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर साखरपुडा करू नका, प्लीज. आणि घरच्यांना हे मुलाने आपल्या घरी सांगावं, मुलीने आपल्या. मुलाच्या आईला सुनेने सांगितलं तर ते वेगळ्याच वाटेने जातं.

दुकानात गेलात की अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा शिक्का, 22के916 सारखा शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक शोधा, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतोच. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून तिथेच, पैसे द्यायच्या आधी, तपासून बघा, आणि परत घेताना किती टक्के कापणार ते बिलावर लिहून मागा.