थेंबाचा आवाज

नमस्कार श्रोतेहो. जपानमध्ये भुताच्या गोष्टींचा हंगाम म्हणजे भर उन्हाळा. ऑगस्टच्या सुमारास ओबोन असतो, तेव्हा पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी तिथली श्रद्धा. काबुकी म्हणजे जपानची जुनी पारंपरिक नाटकं; ती करणारेही याच दिवसांत भुताची नाटकं लावत; अंगावर काटा आला की उकाडा पळतो म्हणे. १८२५ साली आलेल्या 'योत्सुया काइदान' या नाटकातली भूत झालेली ओइवा नवऱ्याने फसवलेली, विषाने चेहरा बिघडलेली. पांढरा किमोनो आणि मोकळे केस, ही बाई जपानच्या सिनेमात आजवर येतेच आहे.

१९९८ च्या 'रिंगु' सिनेमातलं सादाको नावाचं भूत पाहिलंत ना? दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनी ते काम करणाऱ्या अभिनेत्रीला मागे मागे चालायला लावलं आणि चित्रण उलटं फिरवून दाखवलं. त्यामुळे ती पुढे येते, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्या माणसाचा. काय बिनसलंय ते डोळ्यांना सांगता येत नाही, पोटात गोळा मात्र येतो.

म्हणून हे सिनेमे बघताना घाई करू नका. भूत कधी येतंय याची वाट बघू नका. खोलीचे कोपरे बघा, आवाज ऐका. आणि डब केलेला सिनेमा तर लावूच नका. जिथे नुसता श्वास ऐकू यायला हवा, तिथेही डबिंगवाले एखादं वाक्य कोंबतात. माझा फार जीव जळतो त्याने.

आता आईची गोष्ट सांगते. आम्ही तेव्हा डोंबिवलीत वरच्या मजल्यावर राहायचो. जुलै महिना, स्लॅब गळत होता, पलंगाशेजारी बादली ठेवलेली. मी नाकातांचाच २००२ चा 'डार्क वॉटर' लावला. घटस्फोटाच्या भांडणात लेकीचा ताबा सुटू नये म्हणून धडपडणारी आई, जुनाट इमारत, आणि छतावर रोज वाढत जाणारा ओलीचा डाग. गच्चीवरच्या टाकीचं काय, ते सांगत नाही. पण तुमच्या इमारतीच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का, हे एकदा स्वतः वर जाऊन बघाच. वॉचमनवर सोडू नका.

तर आई भाजी निवडायला म्हणून येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी खालची अक्षरं मराठीत सांगत होते. दहा मिनिटांत म्हणाली, "तू बोलू नकोस गं. कळतंय मला." मग आम्ही दोघी गप्प. सिनेमात पाऊस, बाहेर पाऊस, बादलीत टप्, टप्. सिनेमातली मुलगी बालवाडीत एकटीच आईची वाट बघत थांबलेली, बाकीची मुलं घरी गेलेली. आईच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली.

सिनेमा संपला. भुताबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "तू बालवाडीत होतीस तेव्हा एकदा पावसात गाड्या बंद पडल्या होत्या. मी ठाकुर्लीपासून रुळांवरून चालत आले. तू पायरीवर बसली होतीस, पिवळा रेनकोट, दप्तर पाठीला तसंच. बाई शेजारी उभ्या होत्या."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी विचारलं, "खूप रडत होते का?"

"नाही ना," आई म्हणाली. "रडत नव्हतीस. नुसती फाटकाकडे बघत होतीस."

मग ती उठली, जुन्या साडीचा तुकडा घडी करून बादलीत टाकला. थेंब पडत राहिले, पण त्यांचा आवाज येईना.