धोब्यावर बसलेली बाई

(पडद्यावर: संध्याकाळचं आकाश. निवेदन सुरू होईपर्यंत शांतता.)

एक रूपवती बाई आपल्या धोब्यावर बसून शुक्राची चांदणी बघते आहे. जाता-येता पंखे तिला म्हणतात, 'अगं बाई, किती सुंदर तू!' घराभोवती उंचच उंच खानसामे वाढलेत. निळ्या चौक्यांवरून खिदमतगारांची तोरणं लोंबतायत. खाली नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतायत. आणि झाडांच्या शेंड्यांवर? तिथे हिरव्या आया बसल्यात.

नाही, अनुवादात गडबड झालेली नाही. मूळ इंग्रजी कविता अशीच आहे. जुलै १८७४ मध्ये ती मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. कवीचं नाव एडवर्ड लिअर.

(पडद्यावर: लिअरने काढलेला पोपट.)

हा मुळात चित्रकार. विशीत पोहोचला-न पोहोचला तोच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून त्याने पोपटांची अशी चित्रं काढली, की पक्षितज्ज्ञ आजही ती नावाजतात. १८४६ मध्ये तो खुद्द व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवत होता. आणि त्याच वर्षी, टोपणनावाने, त्याचं वेड्याबागड्या कवितांचं पुस्तक निघालं.

पुढे आगगाडीत एक गृहस्थ सहप्रवाशांना छातीठोकपणे सांगू लागले, की एडवर्ड लिअर नावाचा माणूसच नाही. पुस्तक एडवर्ड नावाच्या एका अर्लचं, म्हणजे सरदाराचं. 'अर्ल'ची इंग्रजी अक्षरं फिरवा, 'लिअर' होतं! समोरच बसलेल्या लिअरने आपली टोपी काढली आणि आत लिहिलेलं नाव दाखवलं. या प्रसंगाचंही त्याने चित्र काढून ठेवलंय.

(पडद्यावर: गोगलगाईच्या आकाराचं पत्र.)

त्याला शब्द सरळ लिहवतच नसे. खोकल्याची उबळ आली, तर 'कॉफिंग'चं स्पेलिंग असं करायचा की वाचताना शवपेटी, 'कॉफिन', दिसावी. १८६४ च्या या पत्रात त्याने स्वतःला गोगलगाय काढलंय आणि मजकूर तिच्या शंखात गोल गोल फिरवलाय. त्यात 'एक्स्ट्रीमली' शब्दाच्या तोंडाशीच अंडं आहे, 'एग'. पत्र ज्यांना लिहिलं ते बेअरिंग पुढे व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांचे खासगी सचिव झाले. आणि याच नॉर्थब्रुक यांच्या बोलावण्यावरून एकसष्ट वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा लिअर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबई बंदरात उतरला.

उतरल्यापासून कानावर नवे शब्द. अर्थ हळूहळू कळत गेले असतील, पण नाद आधी पोहोचला. मुंबईतल्या साहेबांना हे सगळे शब्द पाठ होते, ते पोट धरून हसले असतील. लंडनच्या वाचकाला मात्र चपराशी हा खरोखरच मासा वाटला असला तर नवल नाही.

आता आपण मराठी माणसं ऐकतो तेव्हा काय होतं? यादी पुन्हा ऐका. धोबी, खानसामा, चपराशी, आया, भिस्ती, घोडेवाला. दिवसभर बंगल्यात ज्या हाका मारल्या जायच्या, त्याच या. लिअरने हाकांमधली माणसं काढून टाकली आणि उरलेल्या आवाजांचे मासे, पक्षी, झाडं केली. मला हा विनोद फार आवडतो. थोडा खुपतोही. पण साहेब आपल्या बोलण्यात हे शब्द कसे पेरत असत, त्याचीही त्यात पुरेपूर टिंगल आहे.

(पडद्यावर: काळोख. पावलांचा आवाज.)

बाईचं पुढे काय झालं? मीठ गुणगुणत होतं, पाण्याची मशक विव्हळत होती. एवढ्यात हाकाटी झाली, 'कमरबंद आला!' बाई पळाली. पण त्या अक्राळविक्राळ कमरबंदाने जबडा उघडून तिला गिळलं. पुरायला हाडसुद्धा मिळालं नाही.

मग लोकांनी तिचा धोबी भिंतीला खिळे मारून ठोकला आणि त्याच्याखाली पिवळ्या, निळ्या, हिरव्या अक्षरांत लिहिलं: सुंदर बायांनो, रात्री उशिरापर्यंत बाहेर बसू नका.