खळ्यातला माटव

(दृश्य: सकाळचं खळं. चोपण्याचे ठोके ऐकू येतात, माणूस अजून दिसत नाही.)

मला पर्गोला बांधायचा होता. सागवानी खांब, पॉलिश, लोखंडी पट्ट्या, वर मधुमालती. व्हिडिओ बघून बघून चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं. काकांना मोबाईलवर दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते निरखलं आणि म्हणाले, "ह्यो माटवच मा? वर चुडतां घालूक इसारले."

माटव म्हणजे मांडव, चुडतां म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं. सिंधुदुर्गात दिवाळी आटोपली, भात घरात आलं की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, करायला घेतात. पावसात माजलेलं गवत खरवडायचं, माती टाकून चोपायची, शेणाने सारवायचं आणि त्यावर सावलीला माटव घालायचा. गणपतीवर फळं-पानं टांगायला जी चौकट बांधतात ती माटवी. ती याचीच धाकटी बहीण.

(दृश्य: जमिनीवर ताणलेलं सुंभ.)

आमचं खळं १६ फूट बाय १२. तीन ओळींत तीन-तीन, असे नऊ खांब. मी टेप काढली. काकांनी सुंभ काढलं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणलं, चिमटीत धरलं आणि तेच माप दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावलं. चार बोटं कमी पडलं. एक खुंटी सरकवली, पुन्हा ताणलं. दोन्ही कर्ण जुळले. कोपरे काटकोनात बसणं, गवंडी ज्याला 'गुण्यात' म्हणतात, ते दोरीच्या एका तुकड्याने साधलं. माझी टेप खिशातच राहिली.

खांब पोफळीचे. वाडीत मेलेली पोफळ वाया जात नाही. बुडाकडचे दोन फूट आगीत फिरवून काळे करून घेतले, वाळवीला लगेच तोंड घालता येऊ नये म्हणून. मग खड्डे. दीड फूट झाल्यावर मी पहार टेकवली, तर मागून आवाज आला.

"आणखी वायच खोल मार. वारो सुटलो काय कळतला तुका."

दोन फूट झाले. खांब उभा केला, ओळंबा लावला, भोवती दगड ठोकून माती चोपली. सिमेंटचं नावसुद्धा निघालं नाही.

आडव्याला माणगा. इथल्या बांधांवर दिसणारा हा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. काका म्हणतात, काळोख्या पंधरवड्यात तोडला की किडत नाही. चंद्राचं राहू दे. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगे येतात, आणि काही आठवडे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, बुडवून ठेवला की तो अंश बराचसा पाण्यात उतरतो. आमचा व्हाळातच होता.

(दृश्य: हातांचा जवळून शॉट. भिजलेलं सुंभ.)

मी खिळ्यांची पुडी आणली होती.

"खिळो मारलस तर माणगो फुटतलो."

मग गाठ शिकलो. सुंभ आधी भिजवायचं, कारण कोरडं सुंभ हात सोलतं आणि नीट वळत नाही. खांबाच्या बेचक्यात माणगा ठेवायचा, तिरके तीन वेढे एका बाजूने, तीन उलट बाजूने. फुली पडते. मग दोन लाकडांच्या मधून, त्या फुलीच्याच कमरेला, आडवे दोन वेढे घालून आवळायचं. सगळी ताकद या शेवटच्या दोन वेढ्यांत असते. माझ्या पहिल्या चार गाठी काकांनी एका बोटाने सोडवल्या. पाचवीला काही बोलले नाहीत. पुढच्या खांबाकडे गेले.

चुडतांचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. माडाची झावळी मधोमध उभी चिरायची, अर्धुकं पाण्यात मुरवायचं, मग पात एकाआड एक खालून-वरून विणत जायचं. काकी गप्पा मारता मारता एक विणायची, तेवढ्यात माझं अर्धंही होत नसे. चाळीस लागली. पाऊस अडवायचा नसल्यामुळे दाट बसवायची गरज नव्हती. दुपारी शेणाच्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले, तेव्हा मधुमालतीची आठवणही आली नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी जोराचा वारा आला. सगळा माटव करकरला, झुलला आणि पुन्हा जागेवर आला. त्या दीड फुटाबद्दल मी काही बोललो नाही. काकाही बोलले नाहीत.

(दृश्य: मे अखेर. ढग. माटव उतरवला जातोय.)

आणि आता तो काढायचा. वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, आत खळं मोकळं करतात. एक माणूस शिडीवर, एक खाली. गाठी सुटतात, माणगे आणि खांब पडवीत आडवे जातात. बरी चुडतं मातीच्या भिंतींना झड लागू नये म्हणून बाहेरून बांधायची, फाटकी न्हाणीघराच्या चुलीला.

उरतात नऊ खड्डे. काकांनी प्रत्येकात नारळाचं सोडण कोंबलं आणि पायाने दाबलं.

"काकानू, हे कित्याक?"

"फुडल्या वर्सा सुंभ धरूक नको."

(दृश्य: सोडणावर पडलेला पहिला थेंब. आवाज फक्त पावसाचा.)