सहा फुटांची वाट

(दृश्य : बेळगावच्या टिळकवाडीतला रस्ता. शाळा सुटलेली. पदपथ रिकामा, मुले डांबरावरून चाललेली.)

पदपथ आहे, तरी माणसे रस्त्यावरून चालतात आणि बोल त्यांनाच लावला जातो. जरा पायाखाली बघू. प्रत्येक फाटकासमोर गाडी आत घ्यायला पदपथ कापून खाली आणलेला. दहा-बारा पावले झाली की उतार, लगेच चढ. गुडघे धरलेली आजी इथून जाईल कशाला?

यावरचा उपाय सोपा आहे. फाटकासमोरही पदपथ त्याच उंचीवर सरळ न्यायचा. उतार काढायचा तो रस्त्याकडेच्या पट्टीत, जिथे दिव्याचे खांब आणि झाडे असतात. चढ-उताराचा त्रास गाडीने घ्यावा, माणसाने नव्हे.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते : पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. मग गल्लोगल्ली तो फूटभर उंच का? कारण खाली गटार असते आणि वरची फरशी म्हणजेच पदपथ. उंची गटार ठरवते, पाय नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा. म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी. आपल्याकडे तो हातभरात उरकतात; त्यावरून खुर्ची चढत नाही, घसरते मात्र नक्की.

रुंदीचा हिशोब तर हमखास चुकतो. किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, आणि तीही मोकळी. नकाशात आठ फूट दाखवले, पण मध्ये विजेचा खांब, फलक आणि दोन स्कूटर असतील तर उरलेली वाट मोजायची.

(दृश्य : पाऊस. पेव्हर ब्लॉकच्या फटीतून उडणारे पाणी.)

बेळगावचा पाऊस कामातली लबाडी उघडी पाडतो. पदपथाला गटाराकडे एकास पन्नास ढाळ हवा, १.८ मीटरला ३.६ सेंटीमीटर पुरतात. पेव्हर खचतात ते बहुधा खालचा थर नीट न चोपल्याने, किंवा कडेला धरून ठेवणारा दगड नसल्याने. वाळू वाहून जाते, ब्लॉक डुलू लागतो आणि पाय पडला की पँट चिखलाने भरते. चालण्यासाठी ६० मिलिमीटर जाडी चालते. गाडी चढणार असेल तिथे ८०. चकचकीत फरशी तर नकोच. टाकी मारलेला खडबडीत दगड बरा.

(दृश्य : गणपत गल्ली. भाजीच्या पाट्या.)

बाजारात मोकळी वाट अडीच मीटर तरी हवी, आणि विक्रेत्यांची जागा त्याबाहेर. पाटीवालीला चार बाय चार फूट पुरतात. पण भाव करायला वाकलेले गिऱ्हाईक आणखी दोन-तीन फूट घेते, ते आखताना कुणी धरत नाही. मग आखलेली पट्टी पहिल्याच दिवशी मोडते, आणि म्हणतात, विक्रेते ऐकत नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. जागा आखताना त्यांना सोबत घेतले तर गिऱ्हाईक कुठे उभे राहते हे तेच दाखवतील.

आता कट्टा. बसायची उंची ४५ सेंटीमीटर. झाडाभोवती बांधताना बुंध्याला सिमेंट भिडवायचे नाही. चारी बाजूंनी किमान मीटरभर माती उघडी ठेवायची, नाहीतर मुळांना पाणी पोचत नाही आणि काही वर्षांनी सावलीही जाते. बसणाऱ्याचे तोंड रहदारीकडे असावे, कारण माणसे माणसे बघायला बसतात. काही कट्ट्यांना पाठ द्यावी. वयस्करांना बसण्यापेक्षा उठणे जड जाते, म्हणून हाताला आधारही हवा. दिवा झाडाच्या फांद्यांखाली, चार-साडेचार मीटरवर. उंच खांबाचा उजेड पानांवर पडतो आणि कट्टा अंधारात राहतो. मग तिथे संध्याकाळी बायका बसत नाहीत.

एक खास इथली अडचण. चारचाकी रोखायला पदपथाच्या तोंडाशी खांब लावतात. दोन खांबांत १.२ मीटर अंतर ठेवले की चाकाची खुर्ची जाते. पण शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीची मिरवणूक जातात त्या वाटेवर हे खांब उपसता येणारे असावेत. नाहीतर मिरवणुकीच्या आदल्या रात्री ते कापले जातात आणि जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना लोक वर्षभर ठेचकाळतात.