दोन झाकणं पार

(पडद्यावर: डांबरी रस्त्याच्या मधोमध मॅनहोलचं लोखंडी झाकण. आवाज फक्त चेंडूच्या टप्प्याचा.)

या झाकणाकडे जरा नीट बघा. ओतीव लोखंडाचं, गाड्यांच्या चाकांखाली झिजून गुळगुळीत झालेलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९५० च्या आगेमागे वाढलेल्या पोरांसाठी ही फलंदाजाची जागा. इथं उभं राहून मारायचं आणि चेंडू किती झाकणं ओलांडून गेला ते मोजायचं. फूट नाही, यार्ड नाही, झाकणं. जो दोन पार करायचा त्याचं गल्लीत नाव व्हायचं. तीन पार करणाऱ्याची गोष्ट शेजारच्या गल्लीतही सांगितली जायची.

खेळाचं नाव स्टिकबॉल, म्हणजे बेसबॉलचा गल्लीतला अवतार. बॅट म्हणजे घरातल्या झाडूचा दांडा. खालचा झाडू कापून टाकायचा, मुठीच्या जागी चिकटपट्टी गुंडाळायची, झाली बॅट. चेंडू गुलाबी रबराचा, आतून पोकळ. टेनिसच्या चेंडूवर लव चढवण्याआधी जो गाभा असतो ना, तसाच. बनवायची स्पॉल्डिंग कंपनी, पण ब्रुकलिनच्या जिभेवर ते नाव काही बसलं नाही. पोरांनी त्याचं 'स्पॉल्डीन' करून टाकलं.

पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचा टप्पा, उभ्या गाडीचं मडगार्ड, दुसरा पुढचं झाकण. चेंडू गच्चीवर गेला की बहुतेक गल्ल्यांत आऊट. काच फुटली की सगळेच पसार. गिरगावच्या वाडीत किंवा दादरच्या चाळीत रबरी चेंडूनं खेळलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

(पडद्यावर: जुने कृष्णधवल फोटो. घरांसमोरच्या दगडी पायऱ्या, त्यावर बसलेली माणसं.)

तेव्हा एकट्या ब्रुकलिनची लोकसंख्या २७ लाखांवर होती. ज्यू, इटालियन, आयरिश, कृष्णवर्णीय अशी सगळी कष्टकरी माणसं. ती गुण्यागोविंदानं एकत्र नांदत होती असं मी म्हणणार नाही. वस्त्या वेगळ्या होत्या, आणि परक्या वस्तीच्या रस्त्यावर पाऊल टाकताना मुलांचे पाय अडखळायचे. पण डॉजर्स सगळ्यांचे होते.

डॉजर्स म्हणजे ब्रुकलिनचा बेसबॉल संघ. नावाचा अर्थ हुलकावणी देणारे. इथं ट्रॅमचं इतकं जाळं होतं की रस्ता ओलांडायचा म्हणजे ट्रॅम चुकवतच. त्यावरून हे नाव आलं. उन्हाळ्यात घरोघरी खिडक्या उघड्या आणि खिडकीखिडकीत रेडिओ. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी सामन्यातला एक चेंडू चुकायचा नाही, हे त्या काळची माणसं आजही डोळे मिटून सांगतात.

संघाचं मैदान एबेट्स फील्ड, १९१३ साली सुरू झालेलं, जेमतेम ३२ हजार प्रेक्षकांचं. तेही वस्तीतच. उजवीकडच्या भिंतीपलीकडे बेडफर्ड ॲव्हेन्यू. तिकिटाला पैसे नसलेली पोरं हातमोजे घालून तिथं ताटकळत उभी राहायची, कारण होमरन झाला की चेंडू भिंतीवरून थेट रस्त्यावर! आत, धावफलकाच्या खाली, एब स्टार्क नावाच्या कपडेविक्रेत्याची पाटी होती : 'पाटीला चेंडू मारा, कोट-पँटचा सूट मिळवा.' आणि खेळाडू राहायचे कुठं? त्यांतले बरेचसे याच भागात, साध्या घरांत. ज्याला रविवारी मैदानात पाहिलं, तो सोमवारी दुकानात पाव घेताना दिसू शकत होता. मला वाटतं, त्या पोरांच्या मनात हा संघ जो रुतून बसला, तो यामुळेच.

१५ एप्रिल १९४७. याच मैदानात डॉजर्सचे कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन उतरले. सुमारे साठ वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉलमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. रॉबिन्सन यांनी शिव्या ऐकल्या, धमक्यांची पत्रं वाचली आणि खेळत राहिले. गल्लीतल्या पोरांना यातलं किती कळत होतं कोण जाणे. पण बेसवर उभे असताना दोन पावलं पुढं सरकून गोलंदाजाला बेजार करायची त्यांची लकब मात्र ज्यू वस्तीतल्या पोरानंही उचलली आणि इटालियन वस्तीतल्या पोरानंही.

(पडद्यावर: सायकलचं फिरतं चाक, तारांना लागून फडफडणारं कार्ड.)

हा फर्रर्र आवाज ऐका. कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं खेळाडूचं कार्ड सायकलला असं लावायचं की चाक फिरलं की तारा त्यावर आपटतील. लगेच सायकलची मोटरसायकल! ही कार्डं बबलगमच्या पुडीत मिळायची. बनवणारी टॉप्स कंपनीही ब्रुकलिनचीच. १९५२ चा प्रसिद्ध ४०७ कार्डांचा संच त्यांच्या सी बर्गर यांनी आपल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आखला. आवडत्या खेळाडूचं कार्ड पेटीत जपलं जायचं, चाकाला लागायचं ते प्रतिस्पर्ध्याचं. बहुधा यांकीजच्या कुणाचं तरी.

कारण यांकीज! न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातला श्रीमंत संघ. १९४१, ४७, ४९, ५२, ५३. पाच वेळा अंतिम मालिकेत डॉजर्स त्यांच्यासमोर आले आणि पाचही वेळा हरले. 'पुढच्या वर्षी बघू' ही ब्रुकलिनची म्हणच होऊन बसली.

मग ४ ऑक्टोबर १९५५, मंगळवार, भर दुपार. मालिका ३–३, सातवा सामना यांकीजच्याच मैदानावर. डॉजर्सचे गोलंदाज जॉनी पॉड्रेस, चारच दिवसांपूर्वी २३ वर्षांचे झालेले. सहाव्या डावात यांकीजच्या योगी बेरा यांनी डाव्या कोपऱ्यात उंच फटका मारला. डॉजर्सचा सँडी अमोरोस नावाचा क्यूबाचा खेळाडू जीव तोडून धावला. तो डावखुरा, म्हणून हातमोजा उजव्या हातात, भिंतीच्या बाजूला. तो हात त्यानं लांबवला आणि चेंडू त्यात येऊन विसावला. मोजा दुसऱ्या हातात असता तर? ब्रुकलिनची माणसं सत्तर वर्षं हाच प्रश्न एकमेकांना विचारत आलीत. डॉजर्स २–० नं जिंकले. त्या संध्याकाळी लोक रस्त्यावर नाचले. गाड्यांचे हॉर्न थांबेनात.

(पडद्यावर: रिकाम्या खुर्च्या.)

दोनच वर्षं. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवं मैदान हवं होतं. शहराची बांधकामं ज्यांच्या मुठीत होती ते रॉबर्ट मोझेस हवी ती जागा देईनात. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. प्रेक्षक ६,७०२. ऑर्गन वाजवणाऱ्या ग्लॅडिस गुडिंग एकामागून एक निरोपाच्या धून वाजवत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं, संघ लॉस एंजेलिसला चालला.

२३ फेब्रुवारी १९६० ला मैदान पाडायला सुरुवात झाली. भिंतीवर आदळणाऱ्या लोखंडी गोळ्याला पांढरा रंग देऊन त्यावर बेसबॉलची शिवण रंगवली होती. ही कल्पना कुणाला सुचली असेल, याचा विचार केला तरी मला आजही राग येतो. त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि आवारात पाटी लागली : चेंडू खेळायला मनाई.

त्याच सुमारास टॉप्सच्या गोदामात १९५२ ची न खपलेली कार्डं धूळ खात पडली होती. संचातली शेवटची खेप. बेसबॉलचा हंगाम सरत आल्यावर दुकानात आलेली. बर्गर यांनी ती बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू होडीवर, चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे समुद्रात सोडून दिली. त्या खेपेतलं ३११ नंबरचं कार्ड यांकीजच्या मिकी मँटल यांचं. त्याची वाचलेली एक प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली.

आणि त्याच्या पाठोपाठचं, ३१२ नंबरचं, जॅकी रॉबिन्सन यांचं.

(पडद्यावर: समुद्र. दुरून येणारा सायकलचा फर्रर्र आवाज.)