परवाना थांबतो तेव्हा

[दृश्य: पहाटेची वेळ. अवजारांनी भरलेली पिकअप गाडी. पत्रपेटीत एक सरकारी लिफाफा.]

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या हाती हा लिफाफा पडतो, तेव्हा परवाना थांबवण्याचं आत दिलेलं कारण वाचून तो गोंधळतो. कामात चूक नाही, ग्राहकाची तक्रार नाही. थकली आहे ती मुलांची पोटगी, आणि पत्र आलंय परवाना मंडळाकडून.

याची मुळं 1996 सालच्या संघीय कायद्यात आहेत. पोटगी थकवणाऱ्यांचे परवाने रोखण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असं त्या कायद्याने बंधनकारक केलं. त्यात गाडी चालवण्याचा परवाना आला, व्यवसायाचा आला, शिकार-मासेमारीचासुद्धा आला. नोकरदाराची पोटगी पगारातूनच कापता येते. पण स्वतःचा धंदा करणाऱ्याचा पगार कापणार कोण? त्याच्यापर्यंत पोचायला परवाना हा रस्ता सापडला. परिचारिका, डॉक्टर, वकील, घरांचे दलाल सगळेच या कक्षेत येतात. तिथे राहणारे आपले मराठी लोकही त्याला अपवाद नाहीत.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर सरकणाऱ्या नावांच्या ओळी.]

काम चालतं ते असं. राज्याचा पोटगी विभाग थकबाकीदारांची यादी तयार करतो आणि ती परवानाधारकांच्या नोंदींशी सोशल सिक्युरिटी क्रमांकावरून, म्हणजे माणसाच्या सरकारी ओळख क्रमांकावरून, ताडून पाहिली जाते. नवा परवाना किंवा नूतनीकरण मागणाऱ्याची थकबाकी 30 दिवसांहून जुनी असली, तरी त्याचं नाव यादीत येतं. चालू परवाना निलंबित करायला चार महिन्यांहून जास्त थकबाकी लागते. माणूस मुद्दाम देत नाही की त्याच्याकडे खरंच पैसे नाहीत, हे यादीला कळत नाही. आमच्या मते या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. परवाना गेला की कमाई जाते, आणि पोटगी तर त्या कमाईतूनच यायची असते.

नूतनीकरण अडलं तर मंडळ 150 दिवसांचा तात्पुरता परवाना देतं. त्याला मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका. भरलेली फीही परत मिळत नाही. या दिवसांत एकच कागद मिळवायचा असतो: काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) पोटगी कार्यालयाचं मुक्ततापत्र, म्हणजे परवान्यावरची अडवणूक उठवल्याचं पत्र. त्यासाठी पत्रासोबत आलेला फेरतपासणीचा अर्ज लगेच भरून पाठवायचा. पूर्ण रक्कम भरणं हा एकच मार्ग नाही. हप्त्यांचा करार मान्य झाला तरी मुक्तता मिळते. कार्यालयाने नकार दिला, तर न्यायालयात दाद मागता येते. तिथे प्रश्न मोजकेच असतात: पोटगीचा आदेश आहे का, तो याच माणसावर आहे का, तो पाळला जातोय का, आणि परिस्थिती पाहता सशर्त मुक्तता द्यावी का.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. बँकेची स्टेटमेंटं, पावत्या, कॅल्क्युलेटर.]

बहुतेकांचं गाडं अडतं ते मात्र याच्या कितीतरी आधी. काम सुटलं, मिळकत निम्म्यावर आली, की माणूस मुलांच्या आईशी तोंडी बोलून घेतो: "सध्या थोडे कमी देतो." ती समजूतदारपणे हो म्हणते. पण न्यायालयाचा आदेश तसाच राहतो, आणि दर महिन्याची पूर्ण रक्कम नावावर चढत जाते. हातात दिलेली रोकडही सरकारी खात्यातून न गेल्याने हिशेबात दिसत नाही.

समजा, पोटगी महिना 800 डॉलर आहे. जानेवारीत काम गेलं आणि रक्कम कमी करण्याचा अर्ज ऑक्टोबरमध्ये केला. मधल्या नऊ महिन्यांचे 7,200 डॉलर न्यायाधीशालाही कमी करता येत नाहीत. 1986 सालच्या संघीय दुरुस्तीनुसार, दुसऱ्या पक्षाला अर्जाची नोटीस मिळण्याआधीची थकबाकी मागे जाऊन बदलता येत नाही. त्यावर कॅलिफोर्नियात वर्षाला 10 टक्के व्याज चढतं. म्हणून अर्ज करायचा तो मिळकत घटली त्याच आठवड्यात. प्रत्येक काउंटीच्या न्यायालयात 'फॅमिली लॉ फॅसिलिटेटर'चं कार्यालय असतं. ते कागद भरायला मोफत मदत करतं. ते तुमचं वकीलपत्र मात्र घेत नाही.

आणखी एक चूक फार महागात पडते. पत्र मंडळाकडे नोंदवलेल्या पत्त्यावर येतं. घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, तर कंत्राटदाराला निलंबनाचा पत्ताच लागत नाही आणि तो काम करत राहतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, ज्या कामाला परवाना लागतो त्या कामाच्या मध्येच तो निलंबित झाला, तर कंत्राटदाराला पैशासाठी दावा करता येत नाही. उलट, ग्राहक दिलेले पैसेही परत मागू शकतो. तारा, पॅनेल, मजुरी, सगळं खिशातून जातं.

[दृश्य: मोबाइलवर परवान्याची सद्यस्थिती दाखवणारं पान.]

मुक्ततापत्र हाती आलं म्हणून लगेच कामावर जाऊ नका. ते मंडळापर्यंत पोचावं लागतं आणि तिथे नोंदलं जावं लागतं. आपला परवाना क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. तिथे 'चालू' असं दिसलं, की त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा आणि मगच अवजारं गाडीत भरा.