घरं मोजायची तर चुली मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी लोकलही उरणपर्यंत पोचली. तेव्हापासून नवी मुंबईच्या या टोकाला बाहेरून किती लोक येणार, याचीच चर्चा असते. पण बाहेरचा एकही माणूस आला नाही, तरी घरं कमी पडतात, ती कशी ते बघू या.

समजा, ३०,००० वस्तीचं गाव आहे. घरटी पाच माणसं धरली तर ६,००० घरं लागतात. मुलांची लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या, घरटी चार माणसं उरली की लागतात ७,५००. माणसं तेवढीच, घरं मात्र दीड हजार जास्त! उरण-पनवेलच्या गावांत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ उभी राहिली ती यातूनच. जमिनी नवी मुंबई प्रकल्पात गेल्या, गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली आणि कुटुंबं मात्र वाढत गेली. परवानगी नसलेल्या अशा घरावर बँक कर्ज देत नाही, त्यामुळे दुरुस्तीही रखडते.

आता परवडण्याचं बोलू. महिन्याला २५,००० कमावणाऱ्या घराला तीस टक्क्यांच्या हिशेबाने साडेसात हजारांचा हप्ता झेपतो. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर लाखामागे हप्ता साधारण ८६८ रुपये. म्हणजे कर्ज मिळणार साडेआठ लाखांच्या आसपास. पंतप्रधान आवास योजनेचं केंद्र-राज्य मिळून अडीच लाखांचं अनुदान धरलं तरी ११ लाख. घराची किंमत या आकड्यापासून उलटी ठरवायला हवी, तरच ते घर त्या कुटुंबाचं होईल. नाहीतर ते गुंतवणूकदार घेतो आणि कुलूप लावून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी आढळली होती!

क्षेत्रफळाचंही तसंच आहे. दुर्बल घटकांसाठीचं घर बरेचदा ३० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम ३२३ चौरस फूट. उरणजवळच्या करंजा-मोऱ्याच्या कोळी कुटुंबाने जाळी, दोर, बर्फाच्या पेट्या ठेवायच्या कुठे? जिन्यात ठेवल्या की सोसायटीत भांडणं ठरलेली. मच्छीमारांसाठीच्या इमारतीत तळमजल्यावर सामायिक कोठी आणि मासळी सुकवायला मोकळी जागा नकाशातच दाखवायला हवी. इमारत उभी राहिल्यावर ती निघत नाही.

आता चुली मोजण्याचं. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती, हे विचारतात. एका खोलीत दोन जोडपी राहत असतील, तर संकोच न करता दोन सांगा. आणि एकाच छताखाली दोन स्वयंपाक होत असतील, तर रेशनकार्ड एक असलं तरी कुटुंबं दोन नोंदवून घ्या. जनगणनेत कुटुंब धरतात ते एकत्र स्वयंपाकावरूनच.